पायासकट

राई गावातल्या एका घरात, पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत, दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांमध्ये गुंडाळलेली एक चप्पल आहे. उजव्या पायाची.

पॅथॉलॉजी लॅबमध्ये सकाळचा पहिला नमुना कुठल्याच पेशंटचा नसतो. ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे, असा नमुना मशीनला देतात. ते उत्तर बरोबर आलं तरच पुढच्यांची रक्तं तपासायची. त्याला कंट्रोल म्हणतात.

खाडीत उभ्या असलेल्या रोहित पक्ष्यांच्या बहुतेक फोटोंत पाय पाण्याखाली असतात.

लग्नपत्रिकेत हयात माणसाच्या नावाआधी श्री. लावतात, गेलेल्याच्या नावाआधी कै. तिसरी सोय छापखान्याकडे नसते.

हळदीचा डाग साबणानं जात नाही. उन्हात उडतो.

फुकट वापरण्याची मुदत : चौदा दिवस.

*

समिधाला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, सुरुवात एका तक्त्यापासून झाली.

ती मीरा रोडच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन. राहायला पेणकरपाड्यात, तिसऱ्या मजल्यावर, नवरा जितेशबरोबर. रविवारी पहाटे जुना, दुसऱ्याच्या हातचा कॅमेरा गळ्यात अडकवून ती खाडीवर पक्षी टिपायला जायची. तिच्यासारखी अकरा हौशी माणसं होती. त्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता, आणि ग्रुपवर दर आठवड्याला एकच भांडण होतं : फोटो सुधारायला कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं?

शेवटी निवृत्त शिक्षिका असलेल्या अंबिकाताईंनी फोन केला. "समिधा, तू लॅबवाली. एकदाचं काय ते तपासून सांग बाई. दर महिन्याला भाडं भरायचं म्हटलं तर माझी पेन्शन फ्लेमिंगोच खातील."

समिधानं तीन निवडली आणि तक्ता आखला. जाहिरात होऊ नये म्हणून नावं दिली नाहीत.

अ. नावाजलेलं. महिन्याचं भाडं. काम सफाईचं, पण सगळं त्यांच्या सर्व्हरवर होतं.

ब. पूर्ण फुकट. लोकांनी हौसेनं लिहिलेली, इंटरनेटवरून चालणारी प्लग-इन वेगळी बसवावी लागतात. शिकायला धीर पाहिजे.

क. छोट्या कंपनीचं प्लग-इन. एकदाच चौदाशे नव्वद रुपये. इंटरनेट लागत नाही. लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा वाजतो.

तिघांची परीक्षा तीन गोष्टींत. अंधारातल्या फोटोवरची रवाळ घाण काढणं. मध्ये आलेली विजेची तार काढणं. आणि चौकट वाढवणं, म्हणजे फोटोत जे आलेलंच नाही, ते कडेला अंदाजानं भरून दाखवणं.

तिसऱ्या रकान्यात समिधानं शेरा मारला होता : "हे खोटं आहे. पण गरज पडली तर सुबक खोटं."

*

गरज पडली ती राईत.

राई हे तिचं सासर. खाडीच्या अंगाला, अर्ध्या गावावर आता बिल्डिंगा आल्यात, तरी घराच्या ओट्यावरून वाऱ्याबरोबर चिखलाचा वास येतोच. धाकटा दीर परेश याचं लग्न ठरलं होतं, रुचिताशी. पत्रिकेचा मजकूर ठरवायला सगळे ओट्यावर बसले होते. सासू हौसाबाई सुपात सुकट निवडत होत्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात कोपरापर्यंत नाही तरी अर्ध्यापर्यंत हिरव्या बांगड्या.

"वहिनी, पत्रिकेवर माझा फोटो टाकायचाय," परेश म्हणाला. तो धक्क्यावर मासळीला बर्फ भरायच्या कामावर होता, बोलायला लागला की हातवारे थांबायचे नाहीत. "जरा गोरा कर. रुचिताची बहीण म्हणते, जीजू फोटोत हसले नाहीत तर दिसतच नाहीत."

"तुला गोरा करायला सॉफ्टवेअर नको, चुना पाहिजे," जितेश म्हणाला आणि कागद वाचायला लागला. "आमचे येथे श्रीकृपेकरून... कैलासवासी बाळाराम..."

सूप थांबलं.

"खोड ते," हौसाबाई म्हणाल्या.

"आये, सव्वीस वर्षं झाली."

"झाली त झाली. तू जालला त्याला? मी जालला? मंग?"

दोघांचा बाप बाळाराम सकाळच्या ओहोटीला खाडीत लावलेलं जाळं बघायला गेला तेव्हा परेश दोन वर्षांचा होता, जितेश नऊ. होडी बांधलेली होती. जाळं जागेवर होतं. माणूस नव्हता. अंग कधीच सापडलं नाही, म्हणून हौसाबाईंनी कुंकू पुसलं नाही, बांगडी फोडली नाही, की दहावं-बारावं होऊ दिलं नाही.

हौसाबाईंनी सुकटीचा हात पदराला पुसला आणि घरातल्या भिंतीकडे बोट केलं. तिथं ओळीनं फोटो होते. आजा, आजी, चुलता. सगळ्यांना प्लॅस्टिकच्या फुलांचे हार.

"नीट बघ. सगले छातीपरत. गेलेल्याला पाय नसतान फोटोत. माज्या मानसाचा पायासकट फोटो मंडपात उभा करा, परेश त्याच्या पाया परंल, नि पत्रिकेवर श्री. लावा." मग त्या समिधाकडे वळल्या. "तुज्या त्या मशिनीत जमतंय का? न्हाय जमला, त लावा तुमचा कै. मी गप बसन."

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्या 'गप बसन' म्हणाल्या होत्या.

परतताना दोघं रिक्षात होते. भाईंदर फाटक मागे पडल्यावर जितेश म्हणाला, "जमलं नाही असं सांग."

"मी अजून बघितलंसुद्धा नाही."

"बघू नकोस. सांग फक्त." तो हसल्यासारखं करत म्हणाला, "लोक बाराव्या-तेराव्याला रडतात ना, ते माझं राहिलंय. नऊ वर्षांचा होतो, आये म्हणाली, रडू नको, बाप मेलेला नाय. तेव्हापासून वाट बघतोय. एकदा कै. छापलं, की मोकळा होईन मी."

समिधानं त्याच्या मनगटावर हात ठेवला. "बरं. सांगते," ती म्हणाली.

आणि तिला तसंच करायचं होतं.

*

फोटो एकच होता. तळहाताएवढा, कडेनं कात्रीनं कापलेला. मिठागराच्या बांधावर कुणा कारकुनानं ओळखपत्रासाठी काढलेला. बाळाराम छातीपर्यंत. पांढरा सदरा, उन्हानं बारीक झालेले डोळे, परेशचाच जबडा.

आता 'जमलं नाही' एवढंच सांगायचं होतं, तर फोटो स्कॅन करायची गरज नव्हती. पण समिधाला खोटं बोलायचं तरी आधी तपासून बोलायची सवय.

जुना फोटो पिवळा पडतो. तिनं सदऱ्याच्या कॉलरवर टिचकी मारून सॉफ्टवेअरला सांगितलं : हे पांढरं धर. क्षणात सगळा पिवळेपणा गळून पडला. आकाश निळं झालं. बाळारामची कातडी काळीसावळी, जिवंत दिसायला लागली.

एक जागा पिवळीच राहिली.

त्याच्या डाव्या खांद्यावर, जिथं कात्री फिरली होती तिथं, चार बोटं होती. कुणीतरी मागून खांद्यावर हात ठेवल्यासारखी.

अशी बोटं समिधानं खूप पाहिली होती. लग्नातल्या घोळक्यातून गेलेल्या माणसाचा चेहरा कापून घेतात, तेव्हा शेजारच्याचा हात राहतोच. फोटो स्टुडिओवाले तो सवयीनं पुसून टाकतात. तिनं जवळ जाऊन पाहिलं. मधलं बोट बाकीच्यांपेक्षा आखूड. वरचं पेरच नव्हतं. पिवळेपणा तिथंच सगळ्यात दाट, लेप दिल्यासारखा.

"हे कोण आहे रे?" तिनं जितेशला हाक मारली.

तो चहाचा कप घेऊन वाकला. "डाग आहे तो. लहानपणापासून बघतोय." मग आणखी वाकला. कप त्यानं टेबलावर ठेवला. "डागच वाटायचा," तो म्हणाला.

"तुमच्याकडं कुणाचं बोट तुटलेलं होतं?"

"नाही. कुणाचंच नाही."

*

कंट्रोल आधी.

समिधानं रत्नागिरीत राहणाऱ्या तिच्या वडिलांचा, पंढरीनाथांचा, पासपोर्ट फोटो घेतला. खणखणीत हयात माणूस. चौकट खाली ओढली आणि तिघांनाही सांगितलं, पाय भर.

अ नं काळे बूट घातले. ब नं गुडघ्याखाली धुकं सोडलं. क नं सँडल दिल्या, त्यांतून एका पायाला सहा बोटं. दुसऱ्यांदा चालवल्यावर तिघांनी तीन नवेच पाय दिले. समिधा एकटीच हसली. हेच व्हायला पाहिजे होतं. ज्याला माहीत नाही तो दर वेळी वेगळं सांगतो.

मग बाळाराम.

अ : बांध. चिखल. गुडघ्यापर्यंत दुमडलेली पॅन्ट. डाव्या पायात चप्पल. उजवा पाय अनवाणी.

तिनं नोंद केली.

ब : बांध. चिखल. दुमडलेली पॅन्ट. डाव्या पायात चप्पल. उजवा पाय अनवाणी.

तिनं ते पान खाली-वर केलं. आपण चुकून तीच फाईल उघडली का, ते पाहिलं. नव्हती.

अ आणि ब इंटरनेटवरून काम करतात, तेव्हा कुठंतरी एकाच डबक्यातलं पाणी पीत असतील, असं तिनं स्वतःला समजावलं. मग वाय-फाय बंद केलं. राउटरचा प्लगही काढला. क चालवलं. पंखा गिरणीसारखा सुरू झाला. वरून खाली, पट्टी-पट्टीनं चित्र उतरत आलं.

चप्पल निळ्या पट्ट्याची होती. पट्ट्याला तारेनं टाका घातलेला होता. उजव्या पायाच्या बोटांमध्ये चिखल होता.

तिन्ही चित्रांतला टाका तिनं मोठा करून पाहिला. तारेचा पीळ सारखाच होता.

तिनं नऊ वेळा चालवलं. तक्त्यातल्या रकान्यात नऊ वेळा तेच लिहिलं. मग वडिलांचा फोटो पुन्हा चालवला. पुन्हा तीन वेगळेच पाय. कंट्रोल बरोबर होता.

*

शुक्रवारी ती एकटी राईला गेली. शनिवारी मजकूर छापखान्यात जायचा होता. तिचं ठरलेलं होतं. 'जमलं नाही' म्हणून सांगायचं. छापलेला फोटो तिनं बरोबर घेतला तो केवळ बोटांसाठी, तोही कमरेशी दुमडून, खालचा भाग मागे लपेल असा.

हौसाबाई चुलीपाशी होत्या. गॅस असूनही भात त्या चुलीवरच करत.

"आई, हा फोटो कोणी कापला?"

"मीच. कातरीनं."

"बाजूला कोण होतं?"

"कोन न्हवता. एकलाच हुता. बाजूला खारीचा पानी हुता नुसता." भाताला उकळी आली, त्यांनी झाकण तिरपं केलं. "खारी कशाला ठेवू घरात?"

"मग ही बोटं?"

हौसाबाईंनी कागद हातात घेतला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. बोटांकडे बघितलं की नाही, कळलं नाही. त्यांचा अंगठा दुमडलेल्या कडेवर गेला.

"आई, ते राहू द्या—"

त्यांनी घडी उलगडली.

चुलीतलं लाकूड तडकलं. हौसाबाई पायांकडे बघत राहिल्या. समिधाला वाटलं त्या रडतील. त्या उठल्या, आतल्या खोलीत गेल्या. पलंगाखालून पत्र्याची ट्रंक ओढल्याचा आवाज आला.

बाहेर येऊन त्यांनी दुधाच्या पिशव्या एकेक करून सोडवल्या. आत चप्पल होती. उजव्या पायाची. पट्टा निळा. तुटलेला, तारेनं शिवलेला.

"बांधावर मिलाली हुती," त्या म्हणाल्या. "त्याच दिसी. सगल्यांच्या आधी मीच पोचली. दावली असती त पोलीस म्हनले असते बुरला. म्हनून कुनाला दावली न्हाय. जितेशला पन न्हाय."

समिधानं पट्ट्यावरच्या तारेला बोट लावलं.

"एक चप्पल घालून कोन जातो गं?" हौसाबाई म्हणाल्या. आवाजात एक जुनं, पाठ झालेलं गाऱ्हाणं होतं. "मना म्हाईत हुता, दुसरी त्याच्या पायात हाय." त्यांनी फोटोतल्या अनवाणी पायावर अंगठा फिरवला. "तुला कशी कलली?"

"मला नाही कळली, आई. मशीननं..."

"मंग मशिनीला कलली," त्या म्हणाल्या. आणि पत्रिकेचा कागद मागून घेऊन, नुसत्या नखानं, 'कै.' या अक्षरावर त्यांनी रेघ ओढली.

त्या संध्याकाळी समिधानं जितेशला सगळं सांगितलं. चपलेचं सांगताना तिचा आवाज खाली गेला. जितेश ऐकत होता. शेवटी त्यानं एवढंच विचारलं, "कुठल्या पायाची?" आणि उत्तर ऐकून गॅलरीत जाऊन उभा राहिला.

पत्रिकेवर छापलं गेलं : श्री. बाळाराम.

*

मंडपात फ्लेक्स लावायचा होता, माणसाएवढा, पायासकट. त्यात परकी बोटं कशी ठेवणार? समिधानं ती तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये पुसून पाहिली. एका टिचकीत गेली. खांदा कोरा, सदऱ्याची चुणीसुद्धा जुळलेली. त्या रकान्यात तिघांनाही पैकीच्या पैकी.

पण फाईल बंद करण्यापूर्वी तिनं मूळ फोटो पुन्हा उघडला. क ची फुकटची मुदत संपायला एक दिवस होता. तिनं चौकट उजवीकडे ओढली. एक इंच.

हाताचा पंजा पुरा झाला. मनगट आलं. कोपरापर्यंतचा हात आला, ओला, त्यावर वाळत चाललेला खाडीचा चिखल.

अ मध्ये ओढली. तेच.

ब मध्ये ओढली. तेच.

आणखी एक इंच ओढला असता, तर तोंड आलं असतं.

तिनं लॅपटॉप मिटला. झाकणावर हात ठेवून पंखा थांबेपर्यंत बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी क नं विनम्रपणे कळवलं, की मुदत संपली आहे आणि खरेदीसाठी खालचं बटण दाबावं.

*

केबिन रोडवर हिनाचं फ्लेक्सचं दुकान. बारश्यापासून नगरसेवकाच्या वाढदिवसापर्यंत सगळं तिच्याकडे छापलं जायचं. मशीनमधून बाळाराम उलटा, पायाकडून बाहेर यायला लागला.

"कौन है, मॅडम?"

"सासरे."

"अच्छा लगता है," हिना म्हणाली. "हमारे पास बुजुर्गों का सब आधा-आधा ही आता है. ये पहला है खड़ावाला." तिनं ओल्या शाईवर फुंकर घातली. "एक चप्पल ठीक कर दूँ? लोक हसतील. दोन मिनिटांचं काम आहे."

"नको," समिधा म्हणाली. "असंच पाहिजे."

*

हळद संध्याकाळी होती. मंडपात डीजेवाल्याची तपासणी चालू, पोरी एकमेकींच्या तोंडाला फासत होत्या. आत धवलारीण बसली होती. गावची म्हातारी, लग्नात देवांना आणि घरातल्या गेलेल्यांना गाऊन बोलावणं करणारी. तिनं आजाचं नाव घेतलं, आजीचं घेतलं, चुलत्याचं घेतलं. मग थांबून हौसाबाईंकडे बघितलं.

"बाळारामाला बोलवू?"

"नको," हौसाबाई म्हणाल्या. "तो हाय इथंच."

म्हातारीनं मान हलवली आणि पुढची ओळ उचलली.

मंडपाच्या तोंडाशी बाळाराम उभा होता. बांबूला बांधलेला, वाऱ्यानं किंचित हलणारा. हौसाबाईंनी त्याच्या अनवाणी पायाखाली पाट ठेवला होता. परेश बनियनवर, कपाळापासून पोटऱ्यांपर्यंत पिवळा, बाहेर आला. वाकून फ्लेक्सच्या पायांना हात लावला.

"अप्पा, चप्पल हरवली तर नवरीकडच्यांवर आळ घेऊ नका," तो म्हणाला. पोरं फिदीफिदी हसली.

"वहिनी, एक फोटो. बापलेकाचा."

समिधानं कॅमेरा डोळ्याला लावला.

परेश फ्लेक्सच्या बाजूला गेला. उजवा हात उचलला आणि बापाच्या डाव्या खांद्यावर ठेवला.

बरोबर त्याच जागी.

तिच्याकडून बटण दाबलं गेलं की नाही, तिला कळलं नाही. परेश हसत बाजूला झाला. कोऱ्या खांद्यावर चार पिवळी बोटं उमटली होती.

ती जवळ गेली. गर्दीत, डीजेच्या आवाजात, डोळे फ्लेक्सला लागतील इतकी जवळ.

पहिलं बोट. मधलं. त्याच्या शेजारचं. करंगळी.

मधलं बोट पूर्ण होतं. वरच्या पेरासकट, नखाच्या ठशासकट.

समिधानं श्वास सोडला. पुन्हा मोजलं. आखूड नव्हतं. परेश मागे वळून बघत होता, त्याच्या दोन्ही हातांची दहा बोटं तिनं तिथल्या तिथं मोजली. कंट्रोल बरोबर. त्या फोटोतला हात याचा नव्हता.

त्या संध्याकाळी ती नाचलीसुद्धा. जितेशनं तिला कधी नाचताना पाहिलं नव्हतं.

*

तक्ता ग्रुपवर टाकायचा राहूनच गेला. मे महिन्यात अंबिकाताईंनी पुन्हा आठवण केली : "घेऊ का नको ते सांग, उन्हाळी सवलत चालू आहे." समिधानं लिहिलं, 'ब घ्या. रंग सुधारा, घाण काढा, तारा काढा. चौकट वाढवू नका.' अंबिकाताईंनी अंगठा पाठवला.

त्याच आठवड्यात हौसाबाई पेणकरपाड्यात आल्या. समिधाच्या लग्नाला नऊ वर्षं झाली, सुनेच्या घराचा जिना त्या पहिल्यांदा चढल्या. जितेश घरी होता, पण आतल्या खोलीतून बाहेर आला नाही. अलीकडे तो कुणासमोर फारसा येत नसे. पोलीस ठाण्यात, धक्क्यावर, खाडीच्या दोन्ही काठांवर हिंडून त्याच्या टाचा फुटल्या होत्या.

हौसाबाईंनी पाणी घेतलं नाही. पिशवीतून एक फोटो काढला. परेशचा, पत्रिकेवरचा. छातीपर्यंत. समिधानंच गोरा केलेला.

"पायासकट कर," त्या म्हणाल्या.

समिधानं फोटो लगेच घेतला नाही.

"रुचिता कशी आहे?"

"हाय. मी सांगलंय तिला, त्याचा अंग मिलला न्हाय, कुकू पुसू नको म्हनून. बांगरी पन ठेव."

मग त्यांनी पिशवीत पुन्हा हात घातला. दुधाच्या पिशव्या नव्या होत्या, छापील अक्षरं अजून पुसली नव्हती. ती गुंडाळी त्यांनी लॅपटॉपशेजारी ठेवली.

"माप घ्यायचं त घे," त्या म्हणाल्या. "डाव्या पायाची हाय."

आतल्या खोलीत जितेश पलंगावरून उठल्याचा आवाज आला. तो दारापर्यंत आला असावा. दार उघडलं नाही.

समिधानं फोटो हातात घेतला. गुंडाळी सोडली नाही.

*

लग्न आठ फेब्रुवारीला झालं. एकोणीस फेब्रुवारीला सकाळी, धक्क्यावर बर्फ फोडायच्या मशीनमध्ये परेशच्या उजव्या हाताचं मधलं बोट वरच्या पेरापासून गेलं. रिक्षा येईपर्यंत कुणीतरी त्यावर मूठभर हळद दाबून धरली होती.